औषधाचं कूळ

कारंजा लाडच्या गुरुमंदिरात गेलं की कुणी ना कुणी गुरुचरित्राची पोथी उघडून बसलेलं असतं. हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माधव आणि अंबा या दांपत्याच्या घरी ते जन्मले, मुंजीनंतर घराबाहेर पडले, काशीला संन्यास घेतला आणि पुढे नरसोबाची वाडी व गाणगापूर इथे राहिले. सरस्वती गंगाधरांनी रचलेल्या त्यांच्या चरित्रात दुखणाइतांची नुसती रीघ लागलेली आहे. पोटशूळाने जीव द्यायला निघालेला ब्राह्मण, क्षयाने गेलेला तरुण नवरा, कुष्ठाने अंग झडलेला नरहरी. आणि ग्रंथ संपत आला असता येतो बिदरचा यवन राजा. त्याच्या मांडीवर मोठा स्फोटक उठला आहे आणि तो काही केल्या बरा होत नाही.

वैद्य हात टेकतात. तीर्थं कर, साधुसंतांची सेवा कर, असा सल्ला राजाला मिळतो आणि फिरत फिरत तो गाणगापूरला स्वामींसमोर येऊन उभा राहतो. तिथे त्याला मागचा जन्म आठवतो. तेव्हा तो कुरवपूरचा परीट होता, श्रीपाद श्रीवल्लभांचा भक्त. राजवैभव पाहून त्याच्या मनात वासना उठली होती आणि ती या जन्मी पुरी झाली. स्वामी विचारतात, दाखव तुझा स्फोटक. राजा मांडीकडे बघतो, तर तिथे काहीच नाही.

हा राजा मधुमेही होता असं ठोकून द्यायचा मोह होईल. तो आवरलेला बरा. पोथीत तसं अवाक्षर नाही. पण कथेची चाल ओळखीची आहे. न भरणारी जखम दिसली की तिचं मूळ माणसाच्या आधीच्या वागण्यात शोधायचं, या जन्मातल्या नाहीतर मागच्या. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, कुठल्या जन्माचं फेडतोय. दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, पथ्य पाळलं नाही ना? शब्द वेगळे, पण बोट एकाच दिशेला. आजारी माणूस दोन्हीकडे आरोपीच.

मधुमेही पायाच्या जखमांसाठी आता स्टेम सेलचं, म्हणजे मूलपेशींचं नाव घेतलं जातं. जिथे बोट किंवा पाऊल कापायची वेळ येते, तिथे कुणाच्या तरी अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी येऊन जखम भरून काढतील, अशी ही आशा आहे. ती कितपत खरी, हे पुढे पाहूच. पण तिच्यामुळे धर्माच्या दारात एक वेगळा प्रश्न उभा राहतो आणि तो रुग्णाच्या पापपुण्याचा नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. औषधाचं शोधावं का?

आधी जखम समजून घेऊ. पायाची तपासणी पाहण्यासारखी असते. डॉक्टर प्लास्टिकच्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक ताठ तंतू हातात घेतात. तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा भार पडतो. ‘डोळे मिटा, लागलं की सांगा.’ अंगठ्याच्या पोटाशी टेकवला, माणूस गप्प. करंगळीच्या मुळाशी टेकवला, तरी गप्प. मग ‘सुरू करा ना डॉक्टर’ म्हणतो. तोवर तीन-चार जागा तपासून झालेल्या असतात.

कारंजा ज्या वाशिम जिल्ह्यात येतं तो सोयाबीन आणि तुरीचा. तूर कापल्यावर जमिनीत राहिलेली धसकटं तिरपी, टोकदार आणि लाकडासारखी टणक असतात. ती तळव्यात घुसली की ज्याला कळतं तो तिथेच बसून काटा काढतो. ज्याला कळत नाही तो संध्याकाळपर्यंत वखर हाकतो आणि घरी आल्यावर फरशीवरचे रक्ताचे ठसे आधी दुसऱ्यालाच दिसतात. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर केलेल्या असतात, रक्तवाहिन्या अरुंद केलेल्या असतात, आणि जंतूंशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावलेल्या असतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज असा की मधुमेह्यांपैकी १९ ते ३४ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी पायाची जखम होते. बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली, ही उतरंड खेड्यांना आता अनोळखी राहिलेली नाही.

सुश्रुताने ही जखम ओळखली होती. कुष्ठी, विषबाधा झालेला, क्षीण झालेला आणि मधुमेही यांचे व्रण कष्टाने बरे होतात, असं तो एका दमात सांगतो. कुष्ठ आणि मधुमेह त्याने शेजारी का बसवले, याचा उलगडा व्हायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. पॉल ब्रँड हा इंग्रज शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप सडून गळतात असं तोवर सगळे धरून चालले होते. ब्रँडने रुग्णांवर बारीक नजर ठेवली आणि त्याला दिसलं ते भलतंच. चटका बसल्याचं कळत नाही, खडा रुतल्याचं कळत नाही, फोड आलेल्या पायावर माणूस मैलोन् मैल चालतो. बोटं झिजतात ती अशी. वेदना गेली म्हणून पाय गेला. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेला आणि भारतात शिकलेलं सगळं तिथे मधुमेही पायांना लागू पडलं. जखमेवरचा भार हटवणारं प्लास्टर, मऊ रबराचं पादत्राण, तो नायलॉनचा तंतू, हे सगळं आज मधुमेहाच्या दवाखान्यात दिसतं ते कुष्ठरोगाच्या वाटेने आलेलं आहे. मेडिकलच्या दुकानात मधुमेह्यांसाठी मिळणारी मऊ रबराची एमसीआर चप्पल मुळात कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी घडली.

विदर्भाला हा धागा परका वाटायचं कारण नाही. वर्ध्याजवळचं मनोहर दिवाणांचं दत्तपूर, अमरावतीचं शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन. कुष्ठ हे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ, हा समज या तिघांनी वादविवाद करून पाडला नाही. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, हाताला काम दिलं आणि तो समज निरुपयोगी करून टाकला. मधुमेही पायाच्या वाट्याला अशी माणसं अजून यायची आहेत. त्याला कुणी गावाबाहेर काढत नाही हे खरं. पण ‘याने तोंड सांभाळलं नाही’ हे वाक्य त्याला घरात बसूनही ऐकावं लागतं.

कर्माच्या प्रश्नावर सगळ्यात स्वच्छ उत्तर मात्र पाली ग्रंथांत आहे. संयुक्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो: माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही जण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, त्यांचं एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, स्वतःची हयगय, दुसऱ्याने केलेली इजा, आणि मग कर्म. आठातलं एक. सगळंच कर्मावर ढकलणारे प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी ओलांडून जातात, असा त्यांचा निर्वाळा. बुद्धांच्या स्वतःच्या पायालाही जखम झाली होती. देवदत्ताने ढकललेल्या शिळेचा तुकडा लागला आणि जीवक वैद्याने त्यावर पट्टी बांधली, अशी कथा आहे. ‘दुसऱ्याने केलेली इजा’ या सदराचं उदाहरण गुरूच्याच पायावर होतं म्हणायचं.

हे उत्तर महाराष्ट्रात पुन्हा जोरकसपणे मांडलं गेलं ते एका मधुमेही माणसामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अखेरची बरीच वर्षं मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार होते. १९४८ सालच्या विवाहानंतर त्यांच्या पथ्याची आणि इन्सुलिनची काळजी डॉ. सविता आंबेडकर घेत. त्याच काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून झाला. तो १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते ही कल्पना ते धुडकावून लावतात. गरिबाची गरिबी त्याच्याच माथी मारण्याची ती सोय आहे, हे त्यांचं दुखणं होतं. वाशिममध्ये बौद्ध वस्ती मोठी आहे आणि घरोघरी हा ग्रंथ आहे. तरी पायाला जखम झाली की शेजारी काय म्हणतात, हा भाग वेगळा.

तेव्हा जखमेचं मूळ एवढंच: साखर, बधिर नस, अरुंद रक्तवाहिनी, धसकट. आता औषधाकडे वळू.

स्टेम सेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पेरणीसारखं काहीतरी येतं: पेशी टाकली, नवी कातडी उगवली. प्रत्यक्षात या कामासाठी वापरतात त्या मेसेन्कायमल पेशी अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात. जखमेत टोचल्यावर त्यांतल्या बहुतेक थोड्याच दिवसांत नष्ट होतात. जाता जाता त्या रासायनिक निरोप सोडतात, ज्यांनी दाह उतरतो, नव्या केशवाहिन्या फुटायला चालना मिळते आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी कामाला लागतात. परक्याने येऊन जागं करायचं आणि निघून जायचं, असा हा व्यवहार. अध्यात्माची आवड असलेल्या माणसाला यात गुरुतत्त्व दिसेल. दिसू द्यावं, पण बिल देण्याआधी पुरावाही बघावा.

पुरावा आहे, पण तोकडा. दक्षिण कोरियात ५९ रुग्णांचे दोन गट करून एका गटाच्या पायांवर चरबीतल्या पेशींचा जेलसारखा पापुद्रा लावला गेला. २०१९ साली ‘डायबिटीज’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांनी पेशी मिळालेल्या गटात ८२ टक्के जखमा पूर्ण भरल्या, न मिळालेल्या गटात ५३ टक्के. आकडे उत्साह वाढवणारे आहेत. पण दुसरा आकडाही नीट वाचावा. नुसत्या नेटक्या ड्रेसिंगने आणि देखभालीने निम्म्याहून अधिक जखमा भरल्याच होत्या, आणि ही नेटकी देखभालच तालुक्याच्या गावात दुर्मीळ असते. आपल्याकडे बंगळूरुच्या स्टेम्प्युटिक्सने अनेक दात्यांच्या अस्थिमज्जेतून तयार केलेलं ‘स्टेम्प्युसेल’ २०१६ मध्ये मर्यादित परवानगीसह आलं, तेही बर्जर आजारासाठी. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, तो हा आजार. पोटरीत टोचायच्या या औषधाची मात्रा शरीराच्या दर किलोमागे २० लाख पेशी अशी आहे. मधुमेही जखमेसाठी चाचण्या झाल्या आहेत, होत आहेत. पण आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका स्पष्ट आहे: रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल ही फक्त चाचणीत द्यायची गोष्ट आहे, आणि चाचणीत सामील झालेल्याकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत. शहरातल्या कुणी चकचकीत माहितीपत्रक दाखवून लाखांचा आकडा सांगितला, तर शेत विकायला काढण्याआधी या एका ओळीची आठवण असावी.

आता कुळाकडे. पाश्चात्त्य देशांत स्टेम सेलवरचा धार्मिक वाद भ्रूणावर पेटला. गर्भधारणेच्या क्षणापासून माणूस मानणाऱ्या चर्चने भ्रूणातून पेशी काढायला विरोध केला. आपल्याकडे तो वाद पेटलाच नाही, कारण मधुमेही पायासाठी लागणाऱ्या पेशी प्रौढांच्या शरीरातून किंवा जन्मानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून येतात. ‘नाळ पुरली’ म्हणत गावाशी नातं सांगणाऱ्या समाजात ती नाळ बाटलीतून प्रयोगशाळेत जाते आहे, यावरही कुणी फारसं बोललं नाही. पण एक घटक असा आहे ज्याबद्दल वाशिम जिल्ह्यात तरी प्रश्न उठायला हवा होता.

पेशी वाढवायला खाद्य लागतं. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीत गुलाबीसर द्रव असतो. त्यात मीठ, साखर, अमिनो आम्लं असतात आणि साधारण दहा टक्के सिरम असतं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरलं जातं ते गाईच्या पोटातल्या वासराचं सिरम. गाभण गाय कत्तलखान्यात आली की तिच्या पोटातला गर्भ काढून त्याच्या हृदयात सुई खुपसून रक्त काढतात. त्या कोवळ्या रक्तात पेशी वाढवणारे घटक भरपूर आणि प्रतिपिंडं अगदी कमी, म्हणून त्याला एवढी मागणी. ते बहुतांशी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, ब्राझील अशा देशांतून येतं. रुग्णाला पेशी देण्याआधी सिरम धुऊन काढतात हे खरं. पण ज्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, तिथे या बाटलीची चर्चा नाही. वाशिम जिल्ह्यातल्याच पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेतल्या बोकडबळीवर वर्षानुवर्षं वाद झाले, बंदोबस्त लागले. जो बळी डोळ्यांसमोर पडतो त्यावर मत द्यायला सोपं जातं.

हा प्रश्न नीट पेलायची सामग्री जिल्ह्यातच आहे. कारंज्यात बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ अशा तीन परंपरांची जुनी जैन मंदिरं आहेत आणि त्यांचे हस्तलिखितांचे भांडार नावाजलेले. या भांडारांमुळे अपभ्रंशातल्या कितीतरी रचना विद्वानांच्या हाती आल्या आणि त्यांच्या प्रकाशनासाठी कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. तिचा पहिला ग्रंथ म्हणजे दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’. प. ल. वैद्यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९३१ साली निघाला.

जसहर म्हणजे यशोधर राजा. आई त्याला देवीपुढे पशुबळी द्यायला सांगते, राजा नकार देतो. मग तोडगा निघतो: पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याची मान कापायची. कुणाचाच जीव जात नाही. पण मारण्याचा संकल्प पुरता असतो, आणि तेवढ्यावर आई आणि मुलगा मोर, कुत्रा, मासा अशा पशुयोनींतून जन्मामागून जन्म फिरत राहतात. मागच्या जन्मीच्या वासनेपायी मांडीला स्फोटक येणारा बिदरचा राजा आणि पिठाच्या कोंबड्यापायी योनी भोगणारा यशोधर, दोघांच्या कथा एकाच गावात सांगितल्या गेल्या. पण दुसरीचा रोख दुखण्याकडे नाही. कृतीमागच्या मनाकडे आहे. म्हणूनच ती इथे कामाची.

वासराच्या सिरमची गोष्ट या कथेच्या नेमकी उलटी आहे. इथे खरा जीव गेलेला आहे आणि रुग्णाच्या मनात संकल्पाचा लवलेशही नाही. पिठाच्या कोंबड्याला एवढी शिक्षा, तर खऱ्या वासराला किती? की संकल्प नसल्यामुळे काहीच नाही? जैन विचार इथे हात झटकत नाही. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला अनुमोदन देणं, आणि यांतलं प्रत्येक मनाने, वाणीने आणि कायेने, असे हिंसेचे नऊ मार्ग तो मोजतो. रुग्णाने केलं नाही, करवलं नाही. औषध विकत घेणं हे अनुमोदन आहे का, एवढाच मुद्दा उरतो. त्यावर तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या उपयोगी पडते. प्रमादाच्या योगाने प्राण घेणं ती हिंसा, असं उमास्वाती सांगतात. भर प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर आहे. जे माहीत करून घेता आलं असतं ते माहीत करून न घेणं, हाही प्रमाद. या कसोटीवर औषधाचं कूळ विचारणं ही चिकित्सकांची हौस राहत नाही.

कुणी पंडित पेशीलाच जीव मानून निगोदाची चर्चा काढेल. एका शरीरात अनंत जीव नांदतात ही कल्पना जैनांना नवी नाही, कंदमुळं वर्ज्य होतात ती त्यामुळेच. ती चर्चा रंगतदार होईल. पण बाटलीतली पेशी जीव आहे की नाही हे ठरेपर्यंत वासरू मात्र निःसंशय पंचेंद्रिय आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करावी.

यापूर्वी समाजाने असा प्रसंग कसा निभावला? इन्सुलिन आठवावं. १९२२ सालापासून ते गुराढोरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून निघत होतं. जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत १९८२ साली बाजारात आलं. वोक्हार्टने औरंगाबादेत बनवलेलं भारतीय उत्पादन २००३ मध्ये. मधल्या काळात शुद्ध शाकाहारी घरांतल्या मधुमेह्यांनी कत्तलखान्यातून आलेलं इन्सुलिनच टोचून घेतलं, आणि बहुतेकांनी विषय काढला नाही. मुसलमान धर्मशास्त्रज्ञांनी, म्हणजे फकीहांनी, निदान जरूरतीचा नियम उघड सांगितला होता: जिवावर बेतलं आणि दुसरा पर्याय नसला तर निषिद्ध वस्तूही औषध म्हणून चालते. आपल्याकडे आपद्धर्म हा शब्द होता, पण तो उच्चारायचीही गरज कुणाला वाटली नाही. गप्प राहून भागलं. त्या इन्सुलिनने जीव वाचले, हे त्यांच्या बाजूचं मोठं उत्तर आहे. तेव्हा पर्याय नव्हता, हे दुसरं.

आता पर्याय आहे. रक्तपेढीत प्लेटलेट्स पाच-सहा दिवसच टिकतात. मुदत संपलेल्या पिशव्या फेकून देण्याऐवजी त्यांतून प्लेटलेट लायसेट नावाचा अर्क काढतात आणि त्यात या पेशी चांगल्या वाढतात. युरोपातल्या अनेक प्रयोगशाळा तिकडे वळल्या. सिरममुक्त, ठरावीक घटकांची माध्यमंही मिळतात, महाग आहेत. कारंज्यातल्या एका रुग्णाने नकार दिल्याने ब्राझीलमधलं वासरू वाचणार नाही, हा युक्तिवाद बरोबरच आहे. पण उत्पादक बदलतात ते विचारणा वाढली की, आणि भारतात अशी विचारणा करायला हक्काचा मोठा ग्राहकवर्ग बसलेला आहे. त्याने फक्त थाळीपुरतं शाकाहारी राहायचं ठरवलंय.

दातेही कुळात आले. जैन परंपरेत चार दानं मोठी: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. अस्थिमज्जा देणारा निनावी स्वयंसेवक औषधदान करतो. ज्याच्या रक्तावर ती पेशी पोसली त्या वासराला अभय मिळालेलं नसतं. एका दानासाठी दुसरं मोडायचं, ही अडचण प्लेटलेट लायसेटने बरीचशी सुटते, आणि तीही माणसांच्याच रक्तदानातून.

मात्र हा शोध रुग्णाच्या गळ्यात घालू नये. ज्याचं पाऊल कापायची तारीख ठरली आहे त्याला वासराची गोष्ट सांगून निर्णय घ्यायला लावणं, म्हणजे ‘मागच्या जन्मी काय केलंस’ याचीच नवी आवृत्ती. त्याच्याबाबत धर्माने करण्याजोगं काम वेगळं आहे आणि ते स्वस्त आहे. अनवाणी चालणं हे आपल्या सगळ्याच परंपरांत पुण्याचं. दिगंबर मुनी अनवाणी विहार करत शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला येतात, नवस बोललेले भाविक चप्पल सोडतात, शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड करत उन्हाने तापलेल्या डांबरावरून जाते. तळवा बधिर झालेल्या भाविकाला महाराजांनी, मठाधिपतींनी, दिंडीच्या चोपदारांनी उघड सांगितलं की बाबा रे, तू चप्पल घालूनच चाल, देवाचा काही आक्षेप नाही, तर जेवढे पाय वाचतील तेवढे वाचवायला स्टेम सेलला पुष्कळ वर्षं लागतील. डॉक्टरांचं त्याने ऐकलेलं नसतं. यांचं तो ऐकेल.

कूळ विचारायचं काम कुणाचं, याचं उत्तर नियमांतच आहे. माणसांवरच्या प्रत्येक संशोधनाला संस्थेच्या आचारनीती समितीची परवानगी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे या समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि डॉक्टर, वकील, सामान्य नागरिक यांच्या बरोबरीने समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतिज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांपैकी कुणासाठी तरी एक जागा राखलेली असते. वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. पेशींच्या चाचण्या तिथवर पोचायला अवकाश आहे. पोचतील तेव्हा त्या राखीव खुर्चीवर बसायला कारंज्याच्या १९१८ सालच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाच्या परंपरेतला कुणी पंडित, नाहीतर एखादा पाली जाणणारा प्राध्यापक शोधायला फार लांब जावं लागणार नाही. त्याने विचारायच्या गोष्टींची उत्तरं कागदावर मिळतात: पेशी कुणाच्या, त्या कशात वाढवल्या, दात्याला नेमकं काय सांगितलं, रुग्णाकडून पैसे घेतले का, आणि चाचणी संपल्यावर त्याच्या एमसीआर चपलेचा खर्च कोण देणार.